जुनी भूमिगत खाण पाहायला जावे का, आणि गेल्यास तिथे काय पाहावे?

हरिपूरकर (सांगली)

नमस्कार मंडळी. येत्या मे महिन्यात आम्ही उभयता मुलीकडे पोलंडला, क्राकोव्ह शहरी जाणार आहोत. त्या शहराजवळच व्हिएलिच्का नावाची मिठाची जुनी भूमिगत खाण आहे. तेराव्या शतकापासून १९९६ पर्यंत तिथून मीठ निघत होते, आणि युनेस्कोने १९७८ मध्ये जागतिक वारशाची जी पहिली बारा ठिकाणे जाहीर केली त्यांत तिचा समावेश होता. मुलगी ती पाहण्याचा आग्रह करते आहे. जावईबापूंचे म्हणणे असे की तिथे फार गर्दी असते, त्यापेक्षा शहरातला राजवाडा निवांतपणे पाहावा.

माझा स्वतःचा कल खाणीकडे आहे. आपल्याकडे सहल म्हटली की गड, देऊळ, धरण आणि धबधबा यांपलीकडे विचार जात नाही. वास्तविक घरातले तांब्याचे भांडे, अंगावरचा सोन्याचा मणी आणि दिव्यात येणारी बरीचशी वीज यांचा माग काढत गेले तर तो कुठल्या ना कुठल्या खाणीशी पोहोचतो, आणि तरीही आपल्यापैकी बहुतेकांनी जमिनीखालची एकही खाण पाहिलेली नसते. म्हणून जाणकारांना विचारतो की अशा ठिकाणी सामान्य पर्यटकाच्या हाती नेमके काय लागते. सौभाग्यवतींच्या गुडघ्यांचा त्रास पाहता त्यांना न्यावे का? शिवाय परदेशी जाण्याआधी आपल्या देशातली एखादी खाण पाहता येईल का, हेही जाणून घ्यायचे आहे.

कोरेगावकर (सातारा)

फार चांगला विषय काढलात. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे जाता येईल का, हे मलाही जाणून घ्यायचे आहे. जाणकारांनी लिहावे, वाचत आहे.

कृष्णाकाठ (मिरज)

हरिपूरकर, मी व्हिएलिच्का पाहिली आहे आणि आपण ती जरूर पाहावी असे माझे स्पष्ट मत आहे.

आत शिरताना आपल्या मनात मिठागरातले पांढरे मीठ असते. प्रत्यक्षात तिथल्या भिंती करड्या, किंचित हिरवट झाक असलेल्या असतात. प्रथम तो साधा खडकच वाटतो. हात लावून ते बोट जिभेवर टेकवले की मग खात्री पटते. पर्यटकांचा नेहमीचा मार्ग सुमारे ३ किलोमीटर लांबीचा असून तो ६४ मीटर खोलीवर सुरू होतो आणि १३५ मीटरांवर संपतो. खाण त्याहून पुष्कळ मोठी आहे. तिची खोली ३२७ मीटर असून बोगद्यांची एकूण लांबी २०० किलोमीटरांच्या पुढे जाते, म्हणजे आपल्याला दाखवतात तो तिचा अगदी लहानसा भाग होय.

सर्व जण ज्यासाठी जातात ते संत किंगा हिचे प्रार्थनागृह १०१ मीटर खोलीवर आहे. त्याचे काम १८९६ मध्ये सुरू झाले आणि पुढे जवळजवळ सात दशके खाणीतल्याच मोजक्या कारागीर कामगारांनी ते कोरत नेले. मूर्ती, भिंतींवरचे देखावे आणि झुंबरांचे लोलक हे सगळे मिठाचे आहे. पायाखाली लाद्या बसवल्यासारख्या दिसतात, त्या मात्र वेगळ्या लाद्या नसून अखंड मिठाच्या थरावर कोरलेल्या रेघा आहेत.

प्रार्थनागृह भव्य आहे हे खरेच, पण मला अधिक वेळ खिळवून ठेवले ते लाकडाने. मीठ काढून घेतल्यावर जी पोकळी उरते तिचे छत खाली येऊ नये म्हणून ओंडक्यांवर ओंडके आडवे-उभे रचून छतापर्यंत चौकटी उभारलेल्या आहेत. काही दालनांत त्या इतक्या उंच आहेत की मान मागे टाकून पाहाव्या लागतात. लाकडात मीठ मुरल्यामुळे ते कुजत नाही. कुऱ्हाडीने तासलेल्या खुणा त्यांवर अजून स्पष्ट दिसतात. ज्यांनी हे ओंडके खाली उतरवले आणि डोक्यावरच्या छताचा अंदाज घेत एकेक रचत नेले, त्यांचे काम मला मूर्तिकारांच्या कामाच्या तोडीचे वाटले. ज्या सहल कंपनीबरोबर आम्ही गेलो होतो तिने या दालनांतून आम्हांला अक्षरशः पळवले आणि प्रार्थनागृहात छायाचित्रांसाठी भरपूर वेळ दिला, याची मला अजून खंत आहे. आपण स्वतंत्रपणे जाणार आहात, तर चौकटींपाशी आवर्जून थांबा.

खाली उन्हाळ्यातही तापमान १७-१८ अंशांच्या आसपास असते, तेव्हा सौभाग्यवतींसाठी एखादे गरम वस्त्र बरोबर असू द्यावे. पायऱ्यांविषयी मिरजेचे डॉक्टर लिहितीलच.

एक गोष्ट विषयाला सोडून वाटेल, पण लिहिल्यावाचून राहवत नाही. आपण पोलंडला जात आहात, आणि आपल्या शेजारी कोल्हापूरजवळ वळिवडे येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ ते १९४८ या वर्षांत, सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत होती. तिथे भेटणाऱ्या वडीलधाऱ्या माणसांना कोल्हापूरचे नाव सांगून पाहा.

पाचगणीकर

कृष्णाकाठ यांनी वळिवड्याचा उल्लेख केला म्हणून भर घालतो. त्या निर्वासितांपैकी आजारी मुलांना हवापालटासाठी आमच्या पाचगणीला ठेवले जात असे. सातारा जिल्ह्याचाही पोलंडशी हा धागा आहे. आता मंडळींनी मूळ विषयाकडे वळावे.

मिरज_वैद्य

गुडघ्यांविषयी विचारणा झाली आहे, म्हणून लिहितो. माझ्या माहितीप्रमाणे व्हिएलिच्काच्या नेहमीच्या मार्गावर एकंदर ८०० पायऱ्या आहेत, त्यांपैकी जवळजवळ ३८० सुरुवातीलाच एका लाकडी जिन्याने सलग उतराव्या लागतात. वर येताना लिफ्ट आहे. अनेकांना वाटते की चढायचे नाही म्हणजे प्रश्न मिटला. गुडघ्याच्या वाटीची झीज असणाऱ्यांना चढण्यापेक्षा उतरणेच अधिक जाचते, हे लक्षात ठेवावे. चालण्याची अडचण असणाऱ्यांना लिफ्टने खाली नेण्याची व्यवस्था तिथे आहे, मात्र ती आधी कळवून ठरवावी लागते आणि सगळा मार्ग तिच्यात येत नाही. आपण हीच व्यवस्था घ्यावी असा माझा सल्ला आहे. निम्मा मार्ग सुखाने पाहिलेला बरा.

गुडघ्यांपेक्षा मला दुसऱ्या एका गोष्टीची अधिक काळजी वाटते. बंद जागेत घाबरणाऱ्या माणसाला आपण घाबरतो हे पुष्कळदा ठाऊक नसते. ज्यांना एमआरआयच्या यंत्रात गुदमरल्यासारखे झाले असेल त्यांनी भूमिगत खाणीत उतरण्यापूर्वी ही गोष्ट घरच्यांना आणि मार्गदर्शकाला मोकळेपणाने सांगावी. दमा असणाऱ्यांनी पंप खिशातच ठेवावा. व्हिएलिच्का येथे श्वसनविकारांच्या रुग्णांसाठी १३५ मीटर खोलीवर उपचारकेंद्र आहे, आणि ते वाचून काही रुग्ण औषध बंद करून मिठाच्या हवेवर विसंबतात. तसे कोणीही करू नये.

माणदेशी (दहिवडी)

माझे मत वेगळे आहे आणि ते मी स्पष्टपणे मांडतो.

खाण हे श्रमाचे आणि मृत्यूचे ठिकाण आहे. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत जुन्या, पाण्याने भरलेल्या पोकळीचे पाणी फुटून खाली आले आणि सुमारे ३७५ कामगार बुडाले. कोळशाच्या पट्ट्यात अशी एकच तारीख नाही. अशा ठिकाणी रंगीत दिवे लावून, संगीत वाजवून, तिकीट आकारून माणसे हिंडवायची, जमिनीखाली लग्नसमारंभ आणि मेजवान्या करायच्या, हे मला पटत नाही. व्हिएलिच्कात हे सगळे होते.

आमच्या भागातली माणसे पिढ्यानपिढ्या पोटासाठी बाहेर पडली. ऊसतोड कामगाराची कोपी पाहायला कोणी तिकीट काढून आले तर आपल्याला कसे वाटेल, याचा विचार आपण सर्वांनी करावा. ज्यांचे पोट त्या अंधारात भरत होते त्यांच्याकडे पर्यटक म्हणून पाहण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

विटेकर_गलाई

माणदेशी यांच्या भावनेचा आदर राखून मी माझा अनुभव सांगतो. कोरेगावकरांच्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच येईल.

वाचकांना ठाऊकच आहे की खानापूर, आटपाडी, तासगाव आणि माण-खटाव या भागांतली कितीतरी कुटुंबे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. आमचे दुकान कर्नाटकात आहे. सराफाच्या पेढीतली झाडलोट, कारागिराच्या पाटाखालची धूळ, हात धुतलेल्या पाण्याचा गाळ हे सगळे आम्ही विकत घेतो, जाळतो, मुशीत वितळवतो, तेजाबाने चांदी वेगळी करतो आणि शेवटी मुशीच्या तळाशी सोन्याचा लहानसा थेंब उरतो. लहानपणापासून हे पाहिल्यामुळे सोने मुळात येते कुठून, हे पाहण्याची मला ओढ होती. म्हणून कोलारच्या सोन्याच्या खाणी पाहायला गेलो.

तिथे जमिनीखाली उतरता येत नाही, हे आधीच स्पष्ट करतो. खाणी २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाल्या आणि खालचे बोगदे पाण्याने भरले. १८८० च्या सुमारास जॉन टेलर आणि कंपनीने तिथे आधुनिक पद्धतीने काम सुरू केले. चॅम्पियन रीफ ही खाण ३ किलोमीटरहून अधिक खोल गेली आणि जगातल्या सर्वांत खोल खाणींत तिची गणना होत असे. इतक्या खोलीवर खडकाचेच तापमान ६० अंशांच्या वर असते. माणसांना काम करता यावे म्हणून वरून थंड हवा ढकलत राहावी लागे. शिवनसमुद्र येथील जलविद्युत केंद्राची वीज १९०२ मध्ये पहिल्यांदा या खाणींना मिळाली, बंगळूर शहरातले रस्ते त्यानंतर तीन वर्षांनी उजळले.

आज दिसतात ते खाणमुखावरचे गंजलेले लोखंडी मनोरे, साहेबांचे बंगले, कामगारांच्या एका खोलीच्या चाळी आणि सायनाइडने सोने काढून घेतल्यावर उरलेल्या भुकटीचे मोठमोठे ढिगारे. वारा सुटला की ती भुकटी वस्तीवर उडते. सुरुवातीच्या काळात तिथे एका टन दगडामागे ४० ग्रॅमहून अधिक सोने मिळत असे, अखेरीस ते ३ ग्रॅमच्या आसपास आले. म्हणजे एक टन दगड तीन किलोमीटर खालून फोडून वर आणायचा, दळायचा, आणि हाती एका लहान अंगठीपुरते सोने यायचे. मी रोज सोने तोलणारा माणूस आहे, परंतु एका ग्रॅममागे किती दगड असतो हे मला त्या ढिगाऱ्यांपुढे उभे राहिल्यावर समजले.

माणदेशी, तिथल्या चाळीत एका वृद्ध निवृत्त कामगाराने मला बोलावून घेतले आणि दुपारभर खाणीतल्या गोष्टी सांगितल्या. बहुतेक कामगार तमिळ आणि तेलुगू मुलखांतून आलेले होते. खडकावरचा ताण एकाएकी मोकळा होऊन भिंत फुटते, तसे स्फोट कोलारला वारंवार होत. त्या आवाजाने वरच्या घरांतली भांडी हलत आणि बायका मुलांना घेऊन खाणमुखाकडे धावत. हे ऐकायला बाहेरचे कोणी येत नाही, याचे त्याला दुःख होते.

खडकवेडा (कराड)

विटेकरांच्या लेखनात एक भर. कोलारच्या खोलीचा उपयोग विज्ञानालाही झाला. अवकाशातून येणारे इतर कण वरच्या खडकात अडतात आणि न्यूट्रिनो तेवढे आरपार जातात. वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनोंची जगातली अगदी पहिली नोंद ज्या प्रयोगांत झाली त्यांपैकी एक १९६५ मध्ये कोलारच्या खाणीत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या सहभागाने झाला.

आपल्या सातारा-सांगलीत अशी खाण का नाही, हेही सांगायला हवे. आपण ज्यावर राहतो तो दख्खनचा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. त्यात सोने, तांबे, कोळसा यांच्या शिरा नाहीत. पठारांच्या माथ्यावर जांभा आणि त्यातले बॉक्साइट आहे, पण ते वरूनच खणून काढतात. महाबळेश्वरच्या परिसरात धावड समाजाचे लोक जांभ्यातले लोहखनिज वितळवून लोखंड काढीत, तीच आपल्या जवळची सर्वांत जुनी खाणपरंपरा म्हणता येईल. कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी पाटण तालुक्यात गोठणे येथे ३ किलोमीटर खोल विवर घेतले गेले. त्यात वरचा किलोमीटरभराहून अधिक भाग बेसॉल्टचाच निघाला आणि ग्रॅनाइट त्याखाली लागला. सोने ज्या प्राचीन खडकांत असते ते रायचूरकडे उघडे पडलेले आहेत. तिथली हट्टी नावाच्या गावची सोन्याची खाण आजही चालू आहे, आणि तिथे दोन हजार वर्षांपूर्वीही माणसे खडक तापवून, त्यावर पाणी मारून, तो तडकवून सोने काढत होती. विजापूरमार्गे हट्टीला एका दिवसात पोहोचता येते, पण ती उत्पादन चालू असलेली खाण असल्यामुळे कंपनीच्या पूर्वपरवानगीशिवाय आत जाता येत नाही.

एक कळकळीची सूचना. कोणत्याही बंद, बेवारस खाणीत हौसेने शिरू नका. अशा पोकळीत प्राणवायू कमी झालेला असतो, कार्बन डायऑक्साइड तळाशी साचलेला असतो, त्याला ना रंग ना वास. माणूस चार पावले आत जातो आणि कोसळतो. त्याला ओढायला गेलेला दुसराही कोसळतो.

वाईचा_घाट

मी विदर्भातल्या कोळसा खाणींत ओव्हरमन, म्हणजे पाळीवर देखरेख करणारा, म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर वाईला स्थायिक झालो. माणदेशी यांनी जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर देण्याचा थोडा अधिकार मला आहे, असे समजून लिहितो.

माणदेशी, आपण आमच्या वतीने बोललात याबद्दल आभार. परंतु आम्हांला लोकांनी यावे असेच वाटते. माझ्या आईने माझे काम कधी पाहिले नाही. पत्नीनेही पाहिले नाही. मी सकाळच्या पाळीला गेलो आणि संध्याकाळी परत आलो, एवढेच तिला ठाऊक. मधल्या आठ तासांत मी जिथे होतो ती जागा घरातल्या कोणालाही डोळ्यांसमोर आणता येत नव्हती. गिरणी कामगाराची गिरणी दिसते, शेतकऱ्याचे शेत दिसते, आमचे कामाचे ठिकाण मात्र कोणालाच दिसत नाही. न दिसणाऱ्या माणसाची सुरक्षाही सहज विसरली जाते. म्हणून पर्यटक आले, त्यांनी विचारले की हे छत कोण तपासते, तर ते मला हवेच आहे.

खाली गेल्यावर काय पाहावे, हे हरिपूरकरांनी विचारले आहे. सगळ्यांत आधी वरची व्यवस्था पाहा. उतरण्यापूर्वी हजेरीघरात प्रत्येकाची नोंद होते, दिवे देण्याच्या खोलीतून ज्याच्या त्याच्या क्रमांकाचा दिवा मिळतो, आणि पाळी सुटल्यावर एक दिवा जरी जागेवर परतला नाही तरी माणूस खाली राहिला असे धरून शोध सुरू होतो. कमरेला एक लहान डबा बांधतात. विषारी वायू पसरला तर त्यातून श्वास घेत बाहेर पडायचे असते. पर्यटकालाही तो बांधतात, तेव्हा तो कसा उघडायचा हे नीट ऐकून घ्यावे, हसण्यावारी नेऊ नये.

मग छत पाहा. कोळशाच्या जुन्या पद्धतीच्या खाणीत सगळा कोळसा काढत नाहीत. मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब सोडतात आणि त्यांवर छत तोलतात. पाळी सुरू होताना आम्ही काठीने छतावर ठोकून पाहत असू. भक्कम छत खणखणीत वाजते, आणि वरच्या थरापासून सुटलेले छत तडा गेलेल्या मडक्यासारखे भद वाजते. दुसरा हात छताला टेकवून ठेवायचा, म्हणजे कंप बोटांना कळतो. हा आवाज पुस्तकात शिकता येत नाही. मला एका जुन्या सरदाराने, म्हणजे खाणीतल्या मुकादमाने, तो शिकवला आणि मी पुढे नवीन मुलांना शिकवला. मार्गदर्शक खाणीत काम केलेला असेल तर त्याला विनंती करा, तो ठोकून दाखवील.

तिसरी गोष्ट हवा. चेहऱ्यावर हवा लागते आहे का, ती कुठून येते आणि कुठे जाते, हे लक्ष देऊन पाहा. खाणीत जागोजागी दारे असतात. ती उघडी राहिली तर हवा जवळच्या वाटेने निघून जाते आणि आतल्या भागाला ताजी हवा मिळत नाही. कोळशातून मिथेन सुटतो, आणि हवेत तो ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असला की एका ठिणगीने पेट घेऊन स्फोट होतो. बोगद्याच्या कडांवर पांढरी भुकटी मारलेली दिसेल, ती चुनखडीची असते. कोळशाच्या धुळीत ती मिसळली की स्फोटाची ज्वाळा पुढे धावत नाही. अनेक पाहुण्यांना तो साधा चुना वाटतो, कोणी विचारत नाही.

मृत्यूंविषयी माणदेशी यांनी लिहिले. सुटकांविषयीही लिहायला हवे. १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये राणीगंजजवळच्या महाबीर खाणीत पाणी शिरून ७१ कामगार अडकले. त्यांपैकी सहा जण बुडाले. जसवंतसिंग गिल या अभियंत्याने वरून भोक पाडून पोलादी पिंजरा खाली सोडवला, स्वतः त्यात बसून उतरले आणि ६५ जणांना एकेक करून वर काढले. ज्या खाणीत पर्यटक नेतात तिथे अशा घटनांची माहिती लावलेली असावी, असा आग्रह आपण सर्वांनी धरला पाहिजे. रंगीत दिव्यांना माझाही विरोध आहे. त्या बाबतीत मी माणदेशी यांच्या बाजूचा आहे.

माणदेशी (दहिवडी)

वाईकर साहेब, आपले उत्तर मी शांतपणे वाचले. जो स्वतः उतरला त्याला लोकांनी यावेसे वाटते, यावर मी वाद घालणार नाही. मेजवान्यांविषयीचे माझे मत मात्र कायम आहे. तिकिटाचे पैसे कामगारांच्या वस्तीकडे किती जातात, हेही विचारले गेले पाहिजे. विटेकरांनी वर्णन केलेल्या चाळींत आज दुरुस्तीला पैसा नाही आणि मनोऱ्यांची छायाचित्रे मात्र सगळीकडे फिरतात.

कराडची_लेक

मी खाण अभियांत्रिकी शिकले आहे. शिक्षणानिमित्त वेल्समध्ये असताना ब्लेनाव्हन येथील बिग पिट ही कोळशाची जुनी खाण पाहिली. वाईकर काकांनी जे लिहिले आहे त्याच्या सर्वांत जवळ जाणारी पर्यटकांची खाण मला तीच वाटते. ती १९८० मध्ये बंद झाली आणि १९८३ पासून संग्रहालय म्हणून खुली आहे. पिंजऱ्यातून ९० मीटर खाली नेतात. उतरण्यापूर्वी मोबाईल, घड्याळ, बॅटरीवर चालणारी प्रत्येक वस्तू काढून घेतात, कारण ठिणगीचा धोका तिथे आजही गृहीत धरला जातो. त्यामुळे खाली एकही छायाचित्र निघत नाही, आणि म्हणूनच सगळे जण ऐकतात. दाखवणारे गृहस्थ त्याच पट्ट्यातले जुने खाणकामगार होते. त्यांनी हवा अडवणाऱ्या एका दारापाशी आम्हांला थांबवून सर्वांचे दिवे मालवायला सांगितले आणि मग सांगितले की १८४२ पूर्वी याच अंधारात लहान मुले दिवसभर बसून दोरी ओढून दार उघडत असत. त्या वर्षीच्या कायद्याने स्त्रिया आणि दहा वर्षांखालची मुले यांना जमिनीखाली कामाला ठेवण्यास बंदी झाली.

आपल्याकडचा इतिहासही पर्यटकांना सांगितला गेला पाहिजे. झरिया-राणीगंजच्या खाणींत स्त्रिया जमिनीखाली कोळसा वाहत असत. १९२९ पासून त्यांना टप्प्याटप्प्याने बाहेर काढण्यात आले, महायुद्धात मनुष्यबळ कमी पडले तेव्हा १९४३ मध्ये बंदी उठवली आणि १९४६ मध्ये पुन्हा घातली. १९५२ च्या खाण कायद्यानेही भूमिगत कामाला स्त्रियांना मनाई होती. २०१९ मध्ये अधिसूचना निघाली आणि तांत्रिक व देखरेखीच्या कामांसाठी, सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेत, स्त्रियांना खाली जाता येऊ लागले. माझ्या शिक्षणाच्या सुरुवातीला वर्गातली मुले खाली प्रशिक्षणाला जात आणि आम्हांला कार्यालयात नकाशे काढायला बसवत. म्हणून हरिपूरकर काका, एवढेच सांगते की काकूंना लिफ्टची सोय करून अवश्य न्या. त्यांना वर बसवून ठेवू नका.

औंधकर

बिग पिट आणि व्हिएलिच्का ठीक आहे, परंतु मूळ प्रश्नात आपल्या देशातली खाणही विचारली होती. जमिनीखाली प्रत्यक्ष उतरता येईल अशी जागा महाराष्ट्रात आहे की नाही?

वाईचा_घाट

आहे. नागपूरजवळ सावनेर येथे वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीने महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाबरोबर २०१६ मध्ये खाण पर्यटन सुरू केले. तिथे भूमिगत कोळसा खाण दाखवण्याची योजना आहे, आणि गोंडेगाव येथे उघडी खाण. ऐतिहासिक म्हणण्याइतकी जुनी ती नाही, पण कोळशाची खाण कशी चालते हे कळायला पुरेशी आहे. चालू खाणीतले पर्यटन कामाच्या आणि सुरक्षेच्या सोयीनुसार थांबते आणि पुन्हा सुरू होते, म्हणून महामंडळाकडे आधी चौकशी करून, लेखी होकार आल्यावरच तिकिटे काढावीत. प्रवासाची अडचण नाही, आपली महाराष्ट्र एक्सप्रेस मिरज, सांगली, कराड, सातारा अशी थेट नागपूरला जाते. मात्र उन्हाळ्यात जाऊ नये. खाली एक वेळ बरे वाटेल, वरचे ऊन सोसणार नाही.

मँगनीजच्या भूमिगत खाणीही भंडारा, नागपूर आणि बालाघाट भागांत आहेत. त्यांतल्या काहींचे मूळ विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जाते. त्या पाहायच्या तर त्या चालवणाऱ्या मॉइल या सरकारी कंपनीची परवानगी लागेल. शाळा-महाविद्यालयांच्या गटाने रीतसर पत्र दिले तर परवानगीची शक्यता अधिक असते, असा माझा अनुभव आहे.

खडकवेडा (कराड)

राजस्थानकडे जाणाऱ्यांनी उदयपूरजवळचे झावर लक्षात ठेवावे. जस्त उकळले की वाफ होऊन हवेत जाते, म्हणून ते खनिजातून काढणे फार अवघड. झावरच्या कारागिरांनी मातीच्या बंद मुशी उलट्या ठेवून ती वाफ खाली थंड करून धरली, आणि हे त्यांनी युरोपच्या कित्येक शतके आधी मोठ्या प्रमाणावर केले. वापरून झालेल्या त्या मुशींच्या भिंतीच्या भिंती रचून तिथे घरे बांधलेली आहेत, आणि ती जमिनीवर राहूनच पाहता येतात. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांना हे ठिकाण अधिक सोयीचे. विटेकरांनी तर ते पाहायलाच हवे, त्यांच्या धंद्याचेच ते मूळ घराणे आहे.

विटेकर_गलाई

झावरची नोंद घेतली. उदयपूरला आमच्या गावचेच भाऊबंद आहेत, दिवाळीनंतर जातो आणि मुशी जवळून पाहून इथे सविस्तर लिहितो.

हरिपूरकर (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. माझा निर्णय झाला आहे. जानेवारीत सावनेरची चौकशी करून, होकार आला तर दोघेही महाराष्ट्र एक्सप्रेसने नागपूरला जाऊ. काठीने छत कसे वाजते ते ऐकायचे आहे. मे महिन्यात व्हिएलिच्काला सौभाग्यवतींसाठी लिफ्टच्या मार्गाची आगाऊ नोंदणी करायला मुलीला आजच कळवले. मी पायऱ्यांच्या मार्गाने जाईन आणि आम्ही खाली एकत्र येऊ शकतो का, हे ती विचारून घेणार आहे. जावईबापूंना हा धागा वाचायला पाठवला, तेही येतो म्हणाले.

वाईकर साहेब, सावनेरला तिथल्या माणसांना आवर्जून काय विचारावे, हे दोन ओळींत लिहाल का?

वाईचा_घाट

तीन गोष्टी विचारा. तुमच्या पाळीत छत कोण तपासतो, तुम्ही हे काम कोणाकडून शिकलात, आणि दुपारची भाकरी खाली कुठे बसून खाता. तिसऱ्या प्रश्नावर माणूस मोकळा बोलू लागतो. पायांत पकड असलेले बंद बूट घाला, आणि रुंद काठाची साडी नेसून काकूंनी खाली जाऊ नये, पंजाबी पोशाख बरा.

कृष्णाकाठ (मिरज)

व्हिएलिच्काविषयी आणखी एक. प्रत्येक भाषेच्या मार्गदर्शकाबरोबरच्या फेऱ्या ठरलेल्या वेळी असतात आणि मे महिन्यात इंग्रजीच्या फेऱ्यांची तिकिटे लवकर संपतात, तेव्हा तिकिटे मुलीला महिनाभर आधी काढायला सांगा. खाणकामगारांच्या पोशाखात, हाती दिवा घेऊन जायचा एक वेगळा मार्गही तिथे आहे, तो दुसऱ्या खाणमुखातून सुरू होतो. जावईबापूंना गर्दी नको असेल तर त्यांनी तो निवडावा.